उघडा प्रश्न गावापुढे कसा मांडावा : सैद्धांतिक भौतिकी सर्वसामान्यांना समजावून सांगण्याची एक पद्धत

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक गावांत जुनी वाचनालये आहेत, आणि वर्षातून निदान एक व्याख्यान विज्ञानावर व्हावे अशी तेथील मंडळींची मनापासून इच्छा असते. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यानंतर मालवण आणि देवगड तालुक्यांतील गावांत मी अशी व्याख्याने देऊ लागलो, आणि त्यासाठी मुद्दाम भौतिकीतले न सुटलेले प्रश्न निवडले. विश्वातील बहुतेक द्रव्य कशाचे बनलेले आहे, विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे, गुरुत्वाकर्षण आणि पुंजयांत्रिकी, म्हणजे अणू आणि कणांच्या जगाचे नियम, यांचा मेळ कसा घालायचा, असे हे प्रश्न आहेत. ज्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना किंवा हौशी आकाशनिरीक्षकांना असे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवातून तयार झालेली पद्धत येथे क्रमाने लिहीत आहे.

माझे पहिले व्याख्यान फसले होते, आणि ते का फसले हे सांगितल्याशिवाय पुढची पद्धत पटणार नाही. ताणून धरलेल्या चादरीवर लोखंडी गोळा ठेवायचा, चादरीला खोलगा पडला की बाजूने गोटी सोडायची, आणि ‘अवकाश असाच वाकतो’ असे सांगायचे, हे सर्वत्र चालणारे प्रात्यक्षिक मी केले. मागच्या बाकावर बसलेल्या एका वयस्कर तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, शांतपणे विचारले, ‘‘सर, चादर वाकली ती गोळ्याच्या वजनान. मगे ता वजन खंयसून इला?’’ ते वजन कोठून आले, हा प्रश्न अचूक होता. गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी मी गुरुत्वाकर्षणाचाच आधार घेतला होता, आणि श्रोत्यांपैकी ज्यांनी सर्वांत लक्ष देऊन ऐकले त्यांचाच सर्वांत जास्त गोंधळ उडाला होता. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो : उत्तराचे चित्र दाखवायचे नाही. आधी ठाऊक असलेला नियम नेमका कोणत्या मोजमापापाशी अपुरा पडतो, ती जागा दाखवायची. ती जागा एकदा दिसली की प्रश्न ऐकणाऱ्याचा स्वतःचा होतो.

पहिली पायरी : प्रश्न निवडणे

एका व्याख्यानात एकच प्रश्न घ्यावा, आणि तो असा घ्यावा की ज्याच्या मुळाशी एखादे मोजमाप आहे. कृष्णद्रव्याचा, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते अशा द्रव्याचा प्रश्न या कसोटीला उत्तम उतरतो, कारण त्याचा उगम ताऱ्यांच्या वेगात आहे आणि वेग म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक असते. विश्वाच्या प्रसरणाच्या दराविषयीचा वादही चालतो, कारण तेथे दोन आकडे जुळत नाहीत एवढेच सांगायचे असते. सारे कण म्हणजे अतिसूक्ष्म कंप पावणाऱ्या तारा आहेत असे मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतापासून मात्र सुरुवात करू नये. तो विषय हलका आहे म्हणून नव्हे, तर श्रोत्याला हातात धरता येईल असे एकही मोजमाप त्यात अजून नाही म्हणून. अकरा मितींचे वर्णन ऐकून लोक थक्क होतात, टाळ्या वाजवतात आणि घरी काहीही नेत नाहीत.

निवडलेला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. ‘कृष्णद्रव्य म्हणजे काय?’ हे वाक्य पुरेसे नाही, कारण त्यात नाव आहे आणि अडचण नाही. ‘दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरत असूनही बाहेर का फेकले जात नाहीत?’ या वाक्यात अडचण आहे (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह). असे वाक्य तयार होईपर्यंत व्याख्यानाची बाकी तयारी सुरू करू नये.

दुसरी पायरी : श्रोत्यांजवळच्या नियमापासून सुरुवात करणे

किनाऱ्यावरच्या माणसांजवळ एक सुंदर नियम पूर्वापार आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा नियम चालण्यासाठी गुरुत्वाकर्षण माहीत असण्याची गरज नाही. चंद्र रोज सरासरी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते, एवढे निरीक्षण त्यात साठवलेले आहे. भरती का येते याचे उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये दिले, आणि त्या उत्तरातून उधाण का येते आणि भांगाच्या दिवसांत पाणी कमी का चढते हेही उलगडले. व्याख्यानाची सुरुवात मी याच गोष्टीने करतो, कारण भौतिकीची सारी रीत तिच्यात आहे : आधी उपयोगी पडणारा नियम, मग त्याचे कारण, आणि त्यानंतर ते कारणही जेथे पुरे पडत नाही ती सीमा.

ती सीमा दाखवायला होडीवरचा जीपीएस पुरतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. पृथ्वीपासून दूर असल्यामुळे त्यांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक न्यूटनच्या गणितात कोठेही नाही, तो आइन्स्टाइनच्या गणितात आहे. प्रकाश तेवढ्या वेळात सुमारे ११ किलोमीटर जातो, म्हणजे ही दुरुस्ती केली नाही तर मोजलेल्या अंतरांतली चूक एका दिवसात तेवढी वाढेल. जो खलाशी ठरावीक खडपावर मासळीसाठी नेमका परत जातो, त्याला १९१५ चा सापेक्षता सिद्धांत खरा आहे की नाही हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. चादर आणि गोळा यांच्याऐवजी मी आता हेच सांगतो.

तिसरी पायरी : प्रश्न हातात देणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. बोटभर जाडीची, वीतभर लांबीची बांबूची नळी घ्यावी आणि तिची दोन्ही तोंडे घासून गुळगुळीत करावीत. तिच्यातून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, ओवावा. वरच्या टोकाला एक सुपारी कापडाच्या तुकड्यात घट्ट बांधावी आणि खालच्या टोकाला जाळ्याला लावतात तसले शिसे अडकवावे. शिसे सारख्या वजनाची निवडावीत. नळी हातात उभी धरून सुपारी डोक्यावर गोल फिरवली की खालचे शिसे तोलून धरले जाते. फिरवणे मंदावले तर शिसे खाली उतरते, वाढवले तर वर चढते. नळीच्या तोंडाखाली तंगुसावर रंगाची एक खूण करून ठेवावी आणि ती खूण जागची हलणार नाही अशा बेताने फिरवावे, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या कायम राहते. गाठी दोनदा तपासाव्यात आणि मुलांना चार हात दूर बसवावे.

आता श्रोत्यांपैकी कोणाला तरी दहा सेकंदांतल्या फेऱ्या मोजायला सांगावे. एका शिशाला जितक्या फेऱ्या लागतात, त्याच्या साधारण दुप्पट फेऱ्या चार शिशांना लागतात. ओढ चौपट झाली तर वेग दुप्पट, हा नियम फळ्यावर न लिहिता हाताला आणि डोळ्यांना कळतो. त्यानंतर शिसे एका हलक्या कापडी पिशवीत घालावीत, किती घातली ते कोणाला दाखवू नये, आणि पुन्हा फिरवावे.

आचरे परिसरातल्या एका शाळेत हा प्रयोग करताना एका शिशाला दहा फेऱ्या भरल्या होत्या आणि पिशवीला सतरा. नववीतल्या एका मुलीने वहीत सतराचा वर्ग केला, त्याला शंभराने भागले आणि म्हणाली, ‘‘तीन आहेत.’’ मी पिशवी उघडायला हात घातला, तेव्हा ती घाईने म्हणाली, ‘‘उघडू नका सर, तीनच आहेत.’’ न पाहिलेल्या वजनावर तिचा जो विश्वास बसला होता तो मोजमापातून आलेला होता, आणि कृष्णद्रव्याविषयी खगोलशास्त्रज्ञांचा विश्वास नेमका त्याच जातीचा आहे. फरक एवढाच की त्यांना पिशवी उघडता आलेली नाही.

येथून आकाशाकडे वळावे. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, पृथ्वी ३०, गुरू १३ आणि नेपच्यून साडेपाच किलोमीटरांच्या आसपास. दूर जावे तशी सूर्याची ओढ कमी होते आणि वेगही कमी होतो. दीर्घिकेतही बहुतेक प्रकाश मध्यभागी असतो, तेव्हा कडेचे तारे आणि वायू असेच मंद फिरायला हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेची मोजमापे प्रसिद्ध केली, आणि तेथे कडेकडे जाताना वेग अपेक्षेप्रमाणे घसरत नव्हता. तो सेकंदाला दोनशे किलोमीटरांच्या वरच राहत होता. त्याआधी १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या वेगांत असाच मोठा फरक आढळला होता. फेऱ्या अधिक आहेत, म्हणजे पिशवीत दिसते त्याहून अधिक शिसे असली पाहिजेत. आजच्या हिशेबाप्रमाणे विश्वातील एकूण ऊर्जा आणि द्रव्य यांपैकी अणूंचे नेहमीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली कृष्णऊर्जा, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी अज्ञात ऊर्जा, आहे. हे आकडे या क्षणी सांगावेत, आधी सांगू नयेत, कारण आधी सांगितलेले आकडे केवळ पाठ होतात.

चौथी पायरी : उपमा कोठे तुटते ते स्वतःहून सांगणे

प्रयोग रंगला की तो पुरेसा खरा वाटू लागतो, म्हणून त्याच्या मर्यादा लगेच सांगाव्यात. ताऱ्याला कोणताही तंगूस बांधलेला नाही. शिशाची ओढ अंतराप्रमाणे बदलत नाही, गुरुत्वाकर्षणाची बदलते. दीर्घिकेतले वजन मध्यभागी टांगलेले नसून सर्वत्र पसरलेले असते, आणि एखाद्या ताऱ्याच्या कक्षेच्या आतल्या भागात जेवढे द्रव्य असेल त्याचीच ओढ मुख्यतः मोजायची असते. या तीन गोष्टी सांगायला दोन मिनिटे लागतात. त्या सांगितल्याने श्रोत्यांचा विश्वास कमी होतो अशी भीती अनेकांना वाटते, पण माझा अनुभव उलट आहे : ज्याने आपल्या उपमेची फट स्वतः दाखवली, त्याचे पुढचे बोलणे लोक अधिक मन लावून ऐकतात.

मराठी शब्दांविषयी

आपल्या भाषेतल्या काही शब्दांमुळे जे गैरसमज होतात ते इंग्रजीत होत नाहीत, म्हणून परक्या पुस्तकांतल्या सूचना येथे उपयोगी पडत नाहीत. इंग्रजीत थिअरी या शब्दाला सैल वापरात नुसत्या तर्काचा वास येतो. मराठीत सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन शेवटास गेलेली गोष्ट. त्यामुळे सापेक्षता सिद्धांत हा शब्द अगदी योग्य बसतो, परंतु स्ट्रिंग सिद्धांत म्हटले की तोही तितकाच सिद्ध झाला आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. मी बोलताना त्याला स्ट्रिंगची कल्पना किंवा प्रस्ताव म्हणतो, आणि तसे का म्हणतो हेही सांगतो.

कृष्णद्रव्य हा शब्द डोळ्यांपुढे काळा धूर उभा करतो. ते द्रव्य काळे असते तर त्याने मागचा प्रकाश अडवला असता. ते प्रकाश अडवतही नाही आणि देतही नाही, म्हणून ‘पारदर्शक द्रव्य’ असे एकदा तरी म्हणावे. पुंजयांत्रिकीत निरीक्षक हा शब्द तर टाळावाच. शाळा तपासायला येणारे निरीक्षक सर्वांना ठाऊक असतात, आणि मग माणसाने पाहिल्यामुळे कण बदलतो, माणसाच्या मनात अशी शक्ती आहे, अशी समजूत होते. तेथे मोजमाप हा शब्द वापरावा, कारण कणाशी एखादे उपकरण किंवा नुसता प्रकाश जरी गुंतला तरी परिणाम घडतो, पाहणारा माणूस असो वा नसो.

पाचवी पायरी : तीन रंगांचे खडू

फळ्यावर मी तीन रंगांनी लिहितो आणि सुरुवातीलाच त्यांचा अर्थ सांगतो. जे मोजले आहे ते पांढऱ्या खडूने, मोजलेल्यावरून जे अनुमान काढले आहे ते पिवळ्याने, आणि ज्याला अजून आधार मिळालेला नाही ती कल्पना लाल खडूने. ताऱ्यांचे वेग पांढरे. न दिसणारे द्रव्य आहे हे पिवळे, आणि त्याला एकाहून अधिक आधार आहेत : २००६ मध्ये बुलेट समूह या टकरीतून गेलेल्या दीर्घिकासमूहात असे दिसले की तप्त वायू एका जागी राहिला आहे आणि प्रकाश वाकवणारे वस्तुमान मुख्यतः दुसऱ्या जागी आहे. ते द्रव्य अमुक एका नव्या कणाचे आहे, हे लाल. तो कण पकडण्यासाठी अमेरिकेतील साउथ डकोटामध्ये जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलीवर द्रवरूप झेनॉन वायूची टाकी ठेवली आहे, आणि असा कण आजवर कोठेही खात्रीने सापडलेला नाही. द्रव्य मुळीच नसून गुरुत्वाकर्षणाचा नियमच मंद ओढीच्या ठिकाणी बदलतो, ही मोर्देहाय मिल्ग्रोम यांची १९८३ ची कल्पनाही लालच लिहावी, पण लिहावी. तिला वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रसरणाच्या दराचा वाद याच रंगांनी मांडता येतो. मच्छीमार पाण्याची खोली वावात सांगतात. समजा, शिसे बांधलेली दोरी सोडली तर तेरा वाव भरते आणि ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणारे यंत्र बारा वाव दाखवते. दोरी प्रवाहाने तिरकी गेली असेल, ही एक शक्यता. यंत्राने ध्वनीचा पाण्यातला वेग जो गृहीत धरला तोच या पाण्याला लागू नसेल, ही दुसरी. विश्वाच्या बाबतीत जवळचे तारे आणि अतिनवतारे, म्हणजे स्फोट होणारे तारे, यांच्या साहाय्याने पायरीपायरीने मोजले तर दर ७३ च्या आसपास येतो. विश्वाच्या आरंभकाळातील प्रकाशावरून, विश्वाची एक विशिष्ट गणिती प्रतिकृती गृहीत धरून काढला तर ६७.४ येतो. एकक आहे दर मेगापार्सेकला सेकंदाला किलोमीटर, आणि एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. दोहोंतला फरक तेरा आणि बारा वावांतल्या फरकाएवढाच, सुमारे आठ टक्के आहे. दोरी चुकली की गृहीत चुकले, हे अजून ठरलेले नाही. दोन्ही आकडे पांढरे लिहू नयेत : पहिला पांढरा, दुसरा पिवळा.

गावाच्या अभिमानाचा प्रश्न

या किनाऱ्यावर बोलताना विजयदुर्ग आणि हेलियम यांचा विषय निघतोच. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवले जातात आणि लॉकियर साहेबांनी तेथूनच १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियम शोधला असे सांगितले जाते. ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली होती हे खरे आहे. परंतु इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते, आणि सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची ठरलेली पिवळी रेषा त्यांनी ग्रहणाशिवायच, लंडनमधून, २० ऑक्टोबर १८६८ रोजी पाहिली. ग्रहणाच्या वेळी सूर्याचा वर्णपट पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन होते ते आंध्रातील गुंटूरला. हे सांगताना आवाज चढवू नये आणि कोणाला खोटे पाडल्याचा आनंदही दाखवू नये, कारण गावाने विज्ञानाचा अभिमान बाळगावा ही चांगलीच गोष्ट आहे. मी तेथे अभिमानाला अधिक भक्कम जागा सुचवतो. त्या रेषेची तरंगलांबी सुमारे ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ च्या अगदी शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी. एवढ्याशा फरकावरून नवे मूलद्रव्य असल्याचे म्हटले गेले, आणि विल्यम रॅम्झी यांनी पृथ्वीवर ते १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळवेपर्यंत २७ वर्षे तो प्रश्न उघडाच होता.

लगेच दुसरी बाजूही सांगावी. पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली. तिच्यावरूनही नवे मूलद्रव्य कल्पिले गेले, त्याला कोरोनियम असे नाव मिळाले, आणि सुमारे सत्तर वर्षांनी कळले की ती अतितप्त लोखंडाची रेषा आहे. तोच तर्क एकदा बरोबर ठरला आणि एकदा चुकला. कृष्णद्रव्य हेलियमच्या वाटेने जाणार की कोरोनियमच्या, हे आज सांगता येत नाही, आणि श्रोत्यांना ते याच शब्दांत सांगावे.

प्रश्नोत्तरे

व्याख्यान पाऊण तास असेल तर प्रश्नोत्तरांना तेवढाच वेळ ठेवावा. ‘हे सर्व आपल्या ग्रंथांत आधीच आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याची टर उडवू नये. ‘त्यात एखादा आकडा दिला असेल आणि तो मोजून तपासता येत असेल, तर आपण दोघे मिळून तपासू,’ असे मी म्हणतो, आणि माझा तो आग्रह खरा असतो. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला भविष्याची आश्वासने देऊ नयेत. कृष्णद्रव्याचा आज कोणताही उपयोग नाही असे स्पष्ट सांगावे. होडीवरच्या यंत्राची गोष्ट त्यांनी आधीच ऐकलेली असते, तिच्यावरून काय समजायचे ते त्यांना ठरवू द्यावे. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले तर उत्तर द्यावे, मात्र लाल खडू हातात घेऊन.

काळ आणि वेळ यांचाही विचार करावा. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मच्छीमार मंडळींना सवड असते, पण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून सारे व्याख्यान फळा, खडू आणि बांबूची नळी यांवर उभे राहील असेच बेतावे. गणपतीत चाकरमानी घरी आलेले असतात, तेव्हा श्रोते भरपूर मिळतात, परंतु आरतीची वेळ सांभाळावी लागते.

ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तो विचारणाऱ्याच्या समोरच वहीत लिहून घ्यावा, आणि उत्तर शोधून पुढच्या भेटीत किंवा पोस्टकार्डाने कळवावे. वाचनालयात एक फळा कायम ठेवता आला तर त्यावर वर्षभर एकच उघडा प्रश्न तीन रंगांत राहू द्यावा. कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत दीर्घिकांची अंतरे मोजणाऱ्या डेसी या प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ मधील निष्कर्षांतून मिळाले आहेत, पण ते अजून पक्के नाहीत. आमच्या फळ्यावर ते वाक्य लाल आहे, त्याच्याखाली तारीख घातलेली आहे, आणि शेजारी पिवळ्या खडूसाठी एक ओळ मोकळी ठेवलेली आहे.